ईपीबीएक्सला डिफॉल्ट मारणं म्हणजे रिपेअरिंग नाही भो

आठवड्याभरापासून जळगाव-धुळ्याकडच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मलाच ७-८ जणांनी पाठवला. ऑफिसच्या ईपीबीएक्सला, म्हणजे बाहेरच्या लाईनी आतल्या फोनांना वाटून देणाऱ्या मशीनला, काही पण झालं तर टेक्निशियनला पैसे देऊ नका, डिफॉल्ट मारा, म्हणजे कंपनीतून आलेल्या सेटिंगवर परत न्या, मशीन नव्यासारखं होतं. प्रोग्रॅमिंग मशीनमध्येच सेव्ह असतं म्हणून बॅकअप लागत नाही, घेतलाच तर एकदा घ्या. आणि पासवर्ड कंपनीचाच राहू द्या म्हणजे कोणालाही उघडता येतं. मी १५ वर्षं हेच काम करतोय, म्हणून बोलावं लागतंय.

डिफॉल्टचं आधी. नव्यासारखं होतं हे खरंय, पण नवं मशीन कोरं असतं ना. कोणत्या टेबलाला कोणता नंबर, बाहेरचा कॉल कुठे वाजायचा, एसटीडी कोणाला चालू कोणाला बंद, सगळं पुसून कंपनीचा डेटा बसतो. मागच्या सीझनला धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये एका लाईनवर खरखर येत होती, मुनीमजींनी असाच कोणाचा तरी सल्ला ऐकून डिफॉल्ट मारलं. खरखर तशीच, कारण खराबी मशीनमध्ये नव्हतीच, क्रोनवर, म्हणजे सगळ्या वायरी जोडायच्या पट्टीवर, वायरचा जोड गंजून हिरवा पडला होता. पण आता बाहेरचे सगळे कॉल पहिल्या पोर्टवर, म्हणजे वजनकाट्यावर वाजायला लागले, तिथे कापसाच्या गाड्यांची रांग, काट्यावरचा पोरगा पावत्या फाडेल का फोन घेईल, व्यापारी फोन करकरून थकले. २२ एक्स्टेन्शन, बॅकअप नाही, कोणता नंबर कुठे याचा चार्ट नाही, मी टेस्ट फोन घेऊन वायरची एकेक जोडी शोधत दीड दिवस फिरलो. लाईनचा जोड ५ मिनिटांत झाला होता.

डिफॉल्ट मारायची वेळ येते, नाही असं नाही. सेकंडहँड मशीन आणलं, किंवा प्रोग्रॅमिंग एवढं गुंतलं की सुटतच नाही. तेव्हा पण आधी आहे तो डेटा लॅपटॉपवर ओढून घ्यायचा, मग हात लावायचा.

मशीनमध्येच सेव्ह असतं म्हणे. जुन्या बऱ्याच मशीनमध्ये ते बोर्डावरच्या ३ व्होल्टच्या बटण सेलवर टिकतं, सेल उतरला तरी लाईट असेपर्यंत काही कळत नाही, मग लाईट गेली, युपीएस पण बसला, की लाईट आल्यावर मशीन कोरं. नवीन मशीनमध्ये फ्लॅश, म्हणजे लाईट गेली तरी टिकणारी मेमरी असते, पण काहींत बदल आधी चालू मेमरीत बसतो, सेव्ह न करता बंद केलं की गेला. आणि वळवाच्या पावसात वीज लाईनीवरून आत शिरली तर बोर्डच जळतो, फ्लॅश काय करेल?

एकदा घेतला की झालं, हे पण चूक. माणसं बदलतात, टेबलं बदलतात, दोन वर्षांपूर्वीची फाईल टाकली तर दोन वर्षांपूर्वीचं ऑफिस परत येतं. मी तारीख टाकून शेवटचे ३ ठेवतो, कारण कधी बिघडलेलंच प्रोग्रॅमिंग बॅकअपमध्ये जातं आणि ते परत टाकलं की बिघाड पण परत. सॉफ्टवेअरचं व्हर्जन आणि कोणत्या स्लॉटला कोणतं कार्ड हे पण लिहून ठेवा, बोर्ड बदलल्यावर व्हर्जन वेगळं निघालं तर बऱ्याचदा फाईल चढतच नाही. वेलकम मेसेजचा आवाज पुष्कळ मशीनमध्ये या फाईलीत येत नाही, तो वेगळा ठेवावा लागतो.

पासवर्डच्या सल्ल्याचा मात्र मला खरंच राग येतो. कंपनीचा पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो आणि मॅन्युअल नेटवर फुकट मिळतं. आयपीवाल्या, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या मशीनला नेट जोडलेलं आणि पासवर्ड तोच असला तर बाहेरचा माणूस रात्रीतून तुमच्या लाईनवरून परदेशात कॉल करतो, बिल तुमच्या नावावर. वरून डिफॉल्ट मारलं की तुम्ही बदललेला पासवर्ड पण बहुतेक मशीनमध्ये परत कंपनीचाच होतो, एसटीडीचं लॉक पण उघडतं, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. बॅकअपची फाईल पण ग्रुपवर टाकू नका, तिच्यात पासवर्ड असू शकतात.

फाईल नुसती माझ्यासारख्याच्या लॅपटॉपवर नको, एक कॉपी पेनड्राईव्हवर मालकाच्या कपाटात पाहिजे. जिनिंगवाल्या शेठजींनी आता २२ एक्स्टेन्शनचा चार्ट लॅमिनेट करून मशीनच्या शेजारी भिंतीला ठोकलाय, खाली तारीख लिहिलेली.