कॉन्सल व्हायचंय? आधी खडू आणा

प्राचीन रोमचं कॉन्सलपद म्हणजे प्रजासत्ताकातली सगळ्यात वरची खुर्ची, पण एकाच वर्षाची, तेही दोघांत मिळून. आणि जोडीदाराने नकार दिला की तुमचा हुकूम तिथेच आडवा. एवढं कळूनही जीव त्यातच अडकला असेल, तर आधी खडू आणा. टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र, खडूने घासून पांढराशुभ्र करायचा. लॅटिनमध्ये उमेदवाराला शब्दच ‘पांढरे कपडे घातलेला’ असा आहे, आतल्या माणसाबद्दल तो काही म्हणत नाही. मग फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात उतरून दिसेल त्याचा हात धरायचा. नावं आठवत नाहीत? त्यासाठी खास गुलाम मिळतो. तो कानात नाव पुटपुटतो, तुम्ही ‘काय, पोरीचा ताप उतरला का?’ विचारायचं. माणूस तिथल्या तिथे विरघळतो.

मात्र भलत्यांचे हात धरून दमू नका. मत माणशी मोजत नाहीत, गटवार मोजतात. गट १९३, श्रीमंतांचे आधी, आणि ९७ जमले की मोजणी बंद. ज्यांच्याकडे काहीच नाही अशा समस्त जनतेचा मिळून एक गट, तोही शेवटचा. त्यांची पाळी येईपर्यंत निकाल लागलेला असतो. गरिबांना उन्हात ताटकळत ठेवू नये, एवढाच त्यामागचा कळवळा.

पैसे वाटायला तुम्ही जायचं नाही, त्याचे वेगळे दलाल असतात. इ. स. पू. ५४ च्या निवडणुकीत उमेदवारांनी वाटपासाठी एवढी उचल केली की रोममधलं व्याज वर्षाला ४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेलं. लाच द्यायला कायद्याने बंदी आहेच. इ. स. पू. ६३ मध्ये कॉन्सल सिसेरोने तो कायदा आणखी कडक केला, शिक्षा १० वर्षं हद्दपारी. त्याच वर्षी पुढचा कॉन्सल म्हणून निवडून आलेला मुरेना लाचेच्या खटल्यात सापडला. त्याच्या बाजूने उभं कोण राहिलं? सिसेरो. मुरेना सुटला. तेव्हा कायदा ज्याने शिवला त्यालाच वकील करा, उसवतो कुठे ते त्यालाच ठाऊक.

कर्ज फेडायला पुढे प्रांताची सुभेदारी मिळते. सिसिलीच्या वेरेसचा हिशोब म्हणे असा होता: एका वर्षाची कमाई आपली, दुसऱ्या वर्षाची वकिलांची, तिसऱ्या, सगळ्यात मालदार वर्षाची न्यायाधीशांची. इतका नेटका माणूस, तरी इ. स. पू. ७० मध्ये गाव सोडून पळाला. त्याच्याविरुद्ध सिसेरो होता. हा गृहस्थ कुठल्या बाजूला आहे, ते आधी बघून घेत चला.

नवा प्रांत हवा असेल तर लढाई करा, पण धर्माने. पुरोहिताने शत्रूच्या हद्दीत भाला फेकल्याशिवाय युद्ध न्याय्य होत नाही. शत्रू समुद्रापार असला तर? पिऱ्हस या ग्रीक राजाशी लढताना सोय झाली: त्याच्या एका कैद्याला रोममध्येच जमिनीचा तुकडा विकत घ्यायला लावला, तो झाला परदेश, आणि भाला तिथे मारला. तिकीट वाचलं.

फक्त एक विषय काढू नका, जमिनीचा. शेतकरी वर्षानुवर्षं लढाईवर, मागे त्याचं शेत कुणाच्या तरी मोठ्या जमीनदारीत. असली रड जनतेचा प्रतिनिधी टायबेरियस ग्राकसने इ. स. पू. १३३ मध्ये मांडली, तर सिनेटर मंडळींनी बाकांचे पाय मोडून त्याच्या टाळक्यात घातले. भाऊ गायस १२ वर्षांनी शहाणा व्हायचा, तोही नाही झाला. कॉन्सल ओपिमियसने त्याच्या डोक्याच्या वजनाइतकं सोनं जाहीर केलं. ज्याच्या हाती डोकं लागलं त्याने म्हणे मेंदू काढून आत शिसं ओतलं आणि मग ते तराजूवर ठेवलं.

हे आटोपल्यावर ओपिमियसने एकोप्याच्या देवीचं देऊळ बांधलं. तुम्हीही बांधा. रात्री कुणीतरी येऊन दारावरच्या लेखाखाली काहीतरी कोरून जाईल. सकाळी गवंडी पाठवा.