‘पट्टे आवळा आणि उडा’ : पॅरामोटरच्या हार्नेसबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

महिनाभरात एकच संदेश मला सहा-सात जणांनी पाठवला. पॅरामोटर म्हणजे पाठीवर इंजिन-पंखा बांधून पॅराग्लायडरच्या कापडी विंगखाली उडणं. ते शिकायला निघालेल्या नागपूरच्या पोरांमध्ये तो फिरतोय, वर्धा आणि उमरेडहूनही आला. मजकूर थोडक्यात असा: “हार्नेस म्हणजे पट्ट्यांची खुर्ची, सगळी सारखीच. जुनं घेतलं तरी चालतं, पाच मिनिटांत जमतं. पट्टे करकचून आवळा, मांडीचे तेवढे सैल ठेवा म्हणजे धावता येतं. पाय सुटले की हाताने सीट सारून बसा. इंजिन जमिनीवर चालू करून मग पाठीवर घ्या. रिझर्व्ह पॅराशूट फुकटचं वजन आहे, आपल्या उंचीवर ते उघडतच नाही. तलावावर उडणं सगळ्यात सेफ, पडलं तरी पाणीच आहे.” शेवटी जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. त्यातल्या दोन-तीन वाक्यांत खऱ्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ती पोरांना पटतात. मी कामशेतला डोंगरावरून उडायला शिकलो, नागपुरात परतल्यावर डोंगर नाही म्हणून मोटरकडे वळलो. तेव्हापासून नवशिक्यांची हार्नेसं लावून देतो आहे. त्या अनुभवावरून एकेका वाक्याचं उत्तर देतो.

“सगळी सारखीच, पाच मिनिटांत जमतं.” हा संदेश वाचूनच एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याने जुनं यंत्र विकत घेतलेलं, खालच्या हँग पॉइंटचं (म्हणजे यंत्र विंगला जिथून लटकतं ती जागा खाली असलेलं), दोन्ही बाजूंना हलत्या दांड्या असलेलं. विकणारा ९० किलोचा गडी आणि हा जेमतेम ६० किलोचा. हिंगण्याच्या एमआयडीसीत ओळखीच्या एका शेडमध्ये मजबूत लोखंडी गर्डर आहे. प्रोपेलर म्हणजे पंखा उतरवला, प्लगची वायर काढली, टाकीत निम्मं पेट्रोल ठेवलं आणि त्याला हेल्मेटसकट दोन्ही कॅराबिनरांवर, म्हणजे विंग अडकवायच्या कड्यांवर, लटकवलं. तो पत्र्याकडे तोंड करून जवळजवळ उताणा झाला. “दादा, आरामखुर्चीवानी मस्त वाटून राह्यलं,” म्हणाला. त्याला ते आवडलं, याचीच मला जास्त भीती वाटली.

लटकल्यावर माणूस आणि यंत्र यांचा एकत्रित गुरुत्वमध्य हँग पॉइंटच्या बरोबर खाली येऊन थांबतो. इंजिन मागे, माणूस पुढे. माणूस जड असला तर तो यंत्राला पुढे ओढतो, हलका असला तर इंजिन त्याला मागे ओढतं. दांडीवर ओळीने भोकं दिलेली असतात ती याच हिशोबासाठी. हँग पॉइंट पुढच्या भोकात नेला की यंत्र मागे झुकतं, मागच्या भोकात आणला की सरळ होतं. विकणाऱ्याच्या ९० किलोला बरोबर बसलेलं भोक या मुलाला उताणं करत होतं. आम्ही दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं मागे सरकलो आणि तो नीट बसता झाला. पंख्याची चकती उभ्या रेषेपेक्षा किंचित मागे, साधारण १० अंशांच्या आसपास कललेली असावी. नेमका आकडा त्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये असतो, आणि शंका आली की तोच धरायचा.

उताणं लटकण्यात धोका काय? इंजिनाचा जोर पुढे जाण्याऐवजी वर जाऊ लागतो, आणि टॉर्कला रान मोकळं मिळतं. पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा तो यंत्राला आणि पायलटला उलट दिशेने पिळत असतो. बसण्याचा कोन चुकलेला, त्यात टेक-ऑफनंतरचं पूर्ण थ्रॉटल, की पायलट रायझरखाली (विंगचे दोरे कॅराबिनरला जोडणाऱ्या पट्ट्यांखाली) गरकन फिरू शकतो. मग विंग एका दिशेला, तोंड दुसऱ्या दिशेला आणि इंजिन भलतीकडे ढकलतंय, अशी गत होते. अशा वेळी पहिलं काम एकच, थ्रॉटल सोडून देणं. टॉर्क झेलायला बनवणारे एका बाजूची दांडी वेगळी ठेवतात किंवा तिरपा पट्टा देतात. पण बेल्टच्या आणि गिअरच्या यंत्रांत पंख्याची दिशा बहुधा उलटसुलट असते, त्यामुळे मित्राच्या यंत्रावरची मांडणी पाहून आपल्या यंत्रावर उतरवली तर पिळ कमी होण्याऐवजी वाढतो. उलट बाजूची चूकही असते. फार पुढे कललं तर मांडीच्या पट्ट्यांवर लोंबकळायला होतं, तोंड जमिनीकडे येतं आणि सीटवर बसताच येत नाही.

टाकीचाही हिशोब धरा. १० लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे साडेसात किलो. भरलेली आणि रिकामी टाकी यांत झुकाव बदलतो, म्हणून मी आधी निम्म्या टाकीवर मांडणी करतो आणि मग दोन्ही टोकं तपासतो. आमचं हे काम अडीच तास चाललं.

“पट्टे करकचून आवळा.” कोणते? खांद्याचे पट्टे जमिनीवर यंत्राचा भार पेलतात. ते फार सैल असले तर धावताना पंख्याभोवतीचा पिंजरा मागे पडतो, फार आवळले तर हवेत सीटवर मागे सरकताच येत नाही. छातीच्या पट्ट्याचं काम वेगळं. वरच्या हँग पॉइंटच्या हार्नेसमध्ये दोन कॅराबिनरांमधलं अंतर तोच ठरवतो, आणि किती अंतर ठेवायचं ते विंगच्या मॅन्युअलमध्ये सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. करकचून आवळला तर क्षणभर स्थिर वाटतं, पण रायझरला पिळ बसायची शक्यता वाढते आणि स्पायरलमधून, म्हणजे गरगरत खाली येणाऱ्या वळणातून, बाहेर यायला विंग कुरकुरते. फार सैल सोडला तर हवेच्या प्रत्येक धक्क्याला शरीर कलतं. टेप घेऊन मोजायचं आणि पट्ट्यावर पक्क्या शाईची खूण करायची. हलत्या दांड्यांच्या यंत्रात त्याचा परिणाम कमी असतो, तरी तो बंद असायलाच हवा.

“मांडीचे तेवढे सैल ठेवा.” या वाक्याने मला खरोखर बेचैन केलं. यातला खरा अंश असा की मांडीचे पट्टे फार घट्ट असले तर धावता येत नाही. आणि आपल्याकडे धावावं लागतंच. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर आहे, पण गरम हवा विरळ असते. मे महिन्यात ४५ अंशांना विंगला आणि पंख्याला मिळणारी हवा सुमारे १,४०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी असते. त्या दुपारी थर्मल, म्हणजे गरम हवेचे झोत, असे उसळतात की उडायचा विचारही करू नये, पण पहाटे ३० अंश असले तरी हिशोब ९०० मीटरच्या आसपास जातो. म्हणजे विंग उचलायला जास्त वेग लागतो आणि धाव लांबते. तीही पाठीवर पंचवीस-तीस किलो घेऊन, काळ्या जमिनीच्या ढेकळांतून, पऱ्हाटीची धसकटं चुकवत. पोरांना पट्टे सैल सोडावेसे वाटतात ते यामुळे.

पण ‘सैल’ला माप आहे. ताठ उभं राहिल्यावर मांडी आणि पट्टा यांच्यामध्ये सपाट तळहात जावा, मूठ जाऊ नये. त्याहून सैल पट्ट्यांवर पाय जमिनीवरून सुटले की शरीर हार्नेसमधून खाली सरकतं, सीट पाठीशी वर राहते आणि माणूस काखांवर लटकतो. हात वर ताणलेले, ब्रेकवरचा ताबा अर्धा, आणि सीट कुठेतरी कमरेच्या वर.

सैल पट्टे आणि न लावलेले पट्टे यांच्यात फार अंतर नसतं, हेही सांगतो. मांडीचं बकल विसरून टेक-ऑफ घेतल्याने अनुभवी पायलटही गेलेले आहेत, पॅराग्लायडिंगमध्ये हा जुना आणि ओळखीचा अपघात आहे. तो घडतो कसा? पहिला टेक-ऑफ फसतो, उकाडा होतो, पायलट बकलं उघडून दोरे सोडवायला जातो. परत येतो, कुणीतरी हाक मारतं, वारा बरोबर लागलेला असतो, तो छातीचं बकल लावतो आणि निघतो. छातीचं बकल डोळ्यांसमोर असतं, मांडीचं दिसत नाही. म्हणून क्रम असा: मांडीचे पट्टे सगळ्यात आधी लावायचे आणि सगळ्यात शेवटी काढायचे. काही हार्नेसमध्ये छातीचा आणि मांडीचा पट्टा एकमेकांत गुंफलेला असतो, म्हणजे एक विसरला तरी माणूस निसटत नाही. नवीन घेणाऱ्याने तसंच घ्यावं. आणि विंग उचलण्याआधी प्रत्येक बकल हाताने ओढून मोठ्याने म्हणायचं: “डावी मांडी, उजवी मांडी, छाती, कॅराबिनर, रिझर्व्हची पिन.” आमच्या मैदानावर कुणी मध्येच बोललं तर पायलट पहिल्यापासून सुरुवात करतो. त्याला कुणी हसत नाही.

“पाय सुटले की हाताने सीट सारून बसा.” हात सीटकडे न्यायचा म्हणजे ब्रेक, विंग वळवायचा हातातला दोरा, सोडायचा. सुटलेला ब्रेकचा हँडल मागे उडतो, आणि मागे पंखा फिरत असतो. तो दोरा पंख्यात गेला तर विंगची एक बाजू खेचली जाते, तीही जमिनीपासून १५-२० मीटरवर, जिथे सावरायला जागाच नाही. मांडणी बरोबर असेल तर गुडघे वर घेतले की सीट आपोआप खाली येते. येत नसेल तर पायाने ढकलायचा पट्टा लावून घ्यावा. तरीही जमलं नाही तर तसंच लटकत, वाऱ्याकडे तोंड ठेवून सरळ, झाडं आणि विजेच्या तारा बऱ्याच खाली राहीपर्यंत चढायचं आणि मग शांतपणे बसायचं. कोराडीच्या बाजूला तारांचं जाळं किती आहे ते आपण सगळे पाहतोच.

“इंजिन जमिनीवर चालू करून मग पाठीवर घ्या.” थ्रॉटलची केबल अडकलेली असली किंवा कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो झालेला असला तर इंजिन चालू होताच पूर्ण जोरात धावतं. समोर वाकलेला माणूस प्रतिक्षिप्त क्रियेने हात पुढे करतो. पिंजऱ्याची जाळी तेवढा दाब झेलत नाही, ती आत दबते आणि बोटं पंख्यापर्यंत पोहोचतात. ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ मध्ये पॅरामोटरच्या ३८४ अपघातांच्या नोंदींचा अभ्यास आला होता. त्यात हाताच्या दुखापती पायाच्या दुखापतींपेक्षा जास्त निघाल्या. यंत्र आधी अंगावर चढवा, बकलं लावा, इंजिन बंद करायचा किल स्विच तपासा, मागे कुणी नाही हे पाहा आणि मगच चालू करा. जमिनीवर चालू करणं अटळ असेल तर दुसऱ्या जाणत्या माणसाने फ्रेम दाबून धरलेली हवी. आणि हार्नेसची लोंबणारी टोकं, जॅकेटच्या नाड्या, मोबाइलची दोरी, सगळं आत खोचा किंवा टेपने चिकटवा. थ्रॉटल हातातून सुटलं तर त्याची केबल पंख्यापर्यंत पोहोचते का, हेही लटकवलेल्या अवस्थेतच तपासायचं.

“रिझर्व्ह फुकटचं वजन.” जमिनीपासून वीस मीटरवर रिझर्व्ह बहुधा उघडणार नाही, हे मान्य. पण आपण उडतो शंभर-दीडशे मीटरवर आणि बऱ्याचदा त्याहून वर. तिथे नीट बसवलेलं रिझर्व्ह उघडायला वेळ मिळतो. फसवणारी गोष्ट वेगळीच आहे. डोंगरावरून उडणाऱ्या मित्राचं जुनं रिझर्व्ह पोरं मोटरच्या हार्नेसला लावतात. बेरीज करून पाहा: पायलट ७५, यंत्र २८, पेट्रोल ७, विंग ६, म्हणजे हेल्मेट आणि बूट न धरताच ११६ किलो. रिझर्व्हवर १०० किलो कमाल लिहिलं असेल तर ते उघडेल, पण खाली आणेल जास्त वेगाने. युरोपीय मानकात उतरण्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरपर्यंत चालतो, तोही लिहिलेल्या कमाल वजनाला. त्यावरचा प्रत्येक किलो तुमच्या घोट्यांवर आणि मणक्यावर पडतो. रिझर्व्हचा पट्टा खांद्यांवरच्या किंवा हँग पॉइंटच्या ठरलेल्या जोडावर, पंख्यापासून दूरच्या वाटेने गेलेला असावा. फेकण्याआधी इंजिन बंद. लटकवलेलं असतानाच एकदा हँडल ओढून पाहायचं. काहींच्या हार्नेसमध्ये पाकीट अडकतं आणि बाहेर येतच नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे फार समजावण्यासारखं नाही. पाण्यात पडलं की पाठीवरचं यंत्र खाली ओढतं, विंगचे दोरे हातापायांत गुंततात आणि ओले बकल उघडायला काही सेकंदच मिळतात. हार्नेसमधला फोम तरंगतो खरा, पण माणसाला तोंडावर पालथंही पाडू शकतो. रामटेकजवळचा खिंडसी तलाव वरून कितीही सुंदर दिसला तरी इंजिन बंद पडल्यावर काठ गाठता येईल एवढ्याच अंतरात राहा. पाण्यावरून जायचंच असेल तर आपोआप फुगणारी फ्लोट यंत्राला बांधलेली हवी.

राहिलं “जुनं घेतलं तरी चालतं.” चालतं, तपासलं तर. पट्ट्याचा रंग उडालेला असेल आणि हाताला खरखरीत लागत असेल तर उन्हाने तो आतून कमजोर केलेला आहे. शिलाईचा एक-एक टाका बघायचा. बॅटरीचं अ‍ॅसिड नायलॉन खातं, सायलेन्सरजवळचा पट्टा वितळलेला असू शकतो, आणि गोदामात ठेवलेल्या हार्नेसला उंदीर कुरतडतात, हे मी दोनदा पाहिलंय. कॅराबिनरचं दार आपोआप पूर्ण बंद व्हायला हवं. बनवणाऱ्याने दिलेली मुदत संपली असेल तर ते बदलायचेच, मग ते बाहेरून कितीही चकचकीत दिसोत.

शेडमधल्या त्या मुलाच्या हार्नेसचं सगळं जमलं, आणि शेवटी डाव्या मांडीचं बकल ‘टक’ आवाज करून बसल्यावर दोन झटक्यांत उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. आतली स्प्रिंग गेलेली होती. तो काही बोलला नाही, बराच वेळ नुसता ते बकल उघडझाप करत राहिला. नवीन बकल बनवणाऱ्यांकडून मागवलं आहे. ते येईपर्यंत तो रोज पहाटे बुटीबोरीच्या बाजूला एका मोकळ्या रानात इंजिनाशिवाय, माझ्या जुन्या पॅराग्लायडिंगच्या हार्नेसमध्ये नुसती विंग उचलायचा सराव करतोय. त्याआधी दोन्ही मांड्यांची बकलं ओढून मोठ्याने नावं घेतो.