बॉसचा ओरडा म्हणजे आशीर्वाद? अजिबात नाही

‘बॉसचा ओरडा हा आशीर्वाद समजा’ हा मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. परवा तो दादाने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘खास आमच्या भाचीसाठी’. भाची हिंजवडीत आयटीत आहे. तिने निमूटपणे ‘हो मामा’ लिहून हात जोडले. रविवारची संध्याकाळ झाली की या मुलीच्या पोटात गोळा येतो, जेवण जात नाही. तिला हा उपदेश? म्हणून हे लिहितेय.

मेसेज सुरूच असा होतो: ‘जो बॉस चारचौघांत झापतो तोच तुम्हाला घडवतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.’

काय घडवतो तो? तिच्या टीमचा रोज सकाळी कॉल असतो. मॅनेजर स्क्रीन शेअर करून तिचं काम उघडतो आणि विचारतो, “हे कुणी केलंय? शाळेतली पोरं बरं करतील.” चूक नेमकी कुठे आहे ते सांगत नाही. बाकीचे माना खाली घालून बसतात. यातून ती एवढंच शिकली की कॉलमध्ये तोंड उघडायचं नाही. मध्यंतरी एका रिपोर्टमधले आकडे जुळत नाहीत हे तिच्या आदल्या दिवशीच लक्षात आलं होतं. बोलली नाही. रिपोर्ट तसाच क्लायंटकडे गेला आणि मग अख्ख्या टीमने बोलणी खाल्ली.

हे तिच्या एकटीचं नाही. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या नर्सच्या टीमचा अभ्यास केला, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. औषधं देताना होणाऱ्या चुका मोजायच्या होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असं त्यांना वाटलं होतं. निघालं उलटंच, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथल्या नर्स चूक झाली की सांगून टाकत होत्या. जिथे वरिष्ठांची दहशत होती, तिथे चुका दडवल्या जात होत्या. पेशंटच्या औषधाच्या बाबतीत ही गत, तर एक्सेलच्या शीटचं काय घेऊन बसलात? ओरडणाऱ्याला वाटतं की आपल्या धाकाने काम सुधारलं. खरं तर त्याच्यापर्यंत काही पोचायचंच बंद झालेलं असतं.

वरिष्ठ कडक असावेत, हे मला मान्य आहे. माझ्या पहिल्या नोकरीतले साहेब एकेक पत्र तीन-तीनदा परत पाठवायचे. पण केबिनमध्ये बोलावून, लाल पेनाने खूण करून, काय चुकलं ते सांगून. अपमान करावा लागला नाही त्यांना कधी.

पुढे म्हणे, ‘एचआरकडे जाऊ नका, एचआर कंपनीचंच असतं.’ यात तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. नुसत्या आरडाओरड्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. तरीही तारीख, वेळ, काय बोलला, कोण हजर होतं हे लिहून ठेवावं आणि तक्रार ईमेलवरच करावी. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही. पण लैंगिक छळ असेल तर हा सल्ला सरळसरळ घातक आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि तक्रारीची मुदत साधारणपणे घटनेपासून तीन महिने. ‘गप्प बसा’ म्हणून पोरींचे हे तीन महिने घालवू नका.

‘बॉस उठल्याशिवाय खुर्ची सोडू नका’ यावर फार बोलायचीही गरज नाही. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा अंदाजे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली सांगितलंय.

आणि शेवटी, एवढं सगळं सोसायला सांगून झाल्यावर, ‘अगदीच असह्य झालं तर राजीनामा तोंडावर फेकून बाहेर पडा.’ घराचा हप्ता कोण भरणार? नोटीस पिरियड न भरता निघालं तर रिलीव्हिंग लेटर अडकतं, आणि पुढची कंपनी पहिलं तेच मागते. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले असतील तर ग्रॅच्युइटीवरही पाणी पडू शकतं. दादा, ती मुलाखती देतेय. दुसरं ऑफर लेटर हातात आलं की ती ईमेलवर राजीनामा देईल. तोवर ग्रुपवर तिला असलं काही पाठवू नकोस, संध्याकाळी फोन करून जेवलीस का ते विचार.