सोशल केअर वर्कर व्हायचंय? आधी शिक्क्याची शाई बघा

तुम्हाला आयर्लंडमध्ये सोशल केअर वर्कर म्हणून रीतसर नोंदणी करायची असेल तर पहिला सल्ला असा की ज्यांची काळजी घ्यायचीय त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि पोरांना तूर्त बाजूला ठेवा, वर्षभर फक्त कागदाची सेवा करायचीय.

माझी भाची तिकडंच जायचं म्हणतेय. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी झालेली, मिरजेजवळच्या एका वृद्धाश्रमात चार वर्षं राबलेली. तिथल्या एका आजोबांना भाकरी दुधात कुस्करून, वर चिमूटभर मीठ टाकून दिली तरच घास उतरायचा, हे सगळ्या आश्रमात तिला एकटीला माहीत. आता हे अर्जात कुठल्या रकान्यात बसतं ते तुम्हीच शोधा, आम्ही थकलो.

तिकडच्या नियामक संस्थेचं नाव कोरू, पण कोरा कागद एकही चालत नाही. सोशल केअर वर्करचं रजिस्टर ३० नोव्हेंबर २०२३ ला उघडलं, आधीपासून तिथं काम करणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत होती, ती ३० नोव्हेंबर २०२५ ला संपली. म्हणजे तुम्ही निवांत उठून हे आत्ता वाचताय, अभिनंदन. आता नाव रजिस्टरला नसताना स्वतःला सोशल केअर वर्कर म्हणवून घेतलं तर तिथं गुन्हा. सोशल वर्कर आणखी वेगळा बरं का, त्यांचं रजिस्टर २०११ पासूनच आहे. आपल्याकडं दोघंही समाजसेवक, आणि हार एकाच दुकानातनं.

पदवी बाहेरची असेल तर अभ्यासक्रम पानापानानिशी दाखवावा लागतो. आम्ही कॉलेजात गेलो. क्लार्कसाहेब जेवायला गेलेले. साडेतीनला आले, झेरॉक्सचा गठ्ठा बघून म्हणाले, प्रत्येक पानावर शिक्का? पॅड वाळलेलं, मग शिक्का तोंडाजवळ धरून हाऽऽ करायचं आणि दाबायचं. दहाव्या पानापर्यंत गोल दिसत होता, पुढं नुसता ओलसर डाग. तेव्हा सल्ला लिहून घ्या, शाईची बाटली घरनं न्या, आणि एक वडापाव पण न्या, लाच म्हणून नाही, माणूस दमतो हो.

नावाचं तर विचारूच नका. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लग्नानंतरचं गॅझेट तिसरंच, तिकडच्या साहेबाला वाटणार तीन बायका मिळून एक अर्ज करतायत.

शिवाय नोंदणी झाली म्हणून सुटलात असं नाही. दर १२ महिन्यांना ३० क्रेडिट शिकत राहायचं, साधारण एक तास म्हणजे एक क्रेडिट. आपल्याकडं एकदा 'समाजभूषण' मिळालं की माणूस शिकायचाच थांबतो, किती सोयीचं.

एवढा उपद्व्याप नको असेल तर सरळ सांगलीतच समाजसेवक व्हा. पात्रता एवढीच की चौकात दहा बाय आठचा फ्लेक्स, त्यावर गॉगल आणि कानाला लावलेला मोबाईल, खाली चाळीस शुभेच्छुकांचे फोटो. वाढदिवसाला सरकारी दवाखान्यात केळी वाटायची, पेशंटला शुगर आहे का ते बघायचं नाही, ते तुमचं काम नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं तेव्हा आमच्या गल्लीत एक बिस्किटपुडा आला होता, त्याला सात जणांचे हात लागले होते आणि आठवा हात शेजारच्या आजीचा, तिला म्हणाले आजी, पुड्याकडं नको, मोबाईलकडं बघा. फोटो नीट आला नाही म्हणून पुडा परत घेऊन पुन्हा दिला. दोनदा सेवा, नोंदणी शून्य!

असो, विषय भाचीचा होता. शेवटचा कागद म्हणजे आश्रमाचा अनुभव दाखला. संस्थाचालक खुशीनं तयार झाले, फक्त आठ दिवस थांबा म्हणाले, नवीन लेटरहेड छापायला टाकलंय. दाखला आला. भाचीचं काम दोन ओळींत, त्यात आजोबा नाहीत की भाकरी नाही, आणि वरती अर्धं पान साहेबांचं नाव, मागं समाजरत्न, समाजभूषण, गोरगरिबांचे कैवारी. भाषांतरवाल्यानं विचारलं, ह्याचं इंग्रजी काय करू, सोशल केअर वर्कर लिहू का? मी म्हटलं नको बाबा, त्यांचं नाव रजिस्टरला नाही, तिकडं केस व्हायची.