मॅकनेअर योजना फक्त कृष्णवर्णीयांसाठी नाही

अमेरिकेतल्या पदवी विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी देणारी मॅकनेअर योजना केवळ कृष्णवर्णीयांसाठी आहे, असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे.

ही योजना ज्यांच्या नावाने आहे ते, १९८६ च्या चॅलेंजर अंतराळयान दुर्घटनेत गेलेले भौतिकशास्त्रज्ञ-अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर, स्वतः कृष्णवर्णीय होते. गैरसमज बहुधा त्यातूनच झाला असावा. प्रत्यक्षात नियमांनुसार किमान दोन तृतीयांश विद्यार्थी कमी उत्पन्न गटातले आणि घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचणारे, म्हणजे दोन्ही अटी पूर्ण करणारे असावे लागतात. ही अट वंशाची नाही. उरलेल्या जागा पदव्युत्तर शिक्षणात कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांसाठी असतात.

असल्या अफवेमुळे एखादी पात्र मुलगी अर्जच करत नाही, याचं फार वाईट वाटतं. ऐकीव माहितीवर थांबू नका, आपल्या विद्यापीठातल्या योजनेच्या कार्यालयात थेट विचारा.