लोड घेऊ नकोस

आमच्या आईच्या लेखी लोड म्हणजे आजोबा ज्याला टेकून पेपर वाचायचे तो. त्यामुळे रात्री साडेअकराला मी लॅपटॉपसमोरून "अगं लोड लावतेय, झोप तू" म्हटलं की ती आतून उशी घेऊन येते, माझ्या पाठीमागे कोंबते आणि वर म्हणते, एवढा लोड घेऊ नये गं.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर, पुण्यातल्या एका छोट्या ऑफिसात. बिल्डिंग उभी राहते की नाही ते सॉफ्टवेअर सांगतं, पण तिच्यावर काय काय बसणारे ते आधी कुणीतरी त्याला भरवावं लागतं, तो घास भरवणारी मी. खोल्यांना २, बाल्कनीला ३, जिन्याला ३, लोक जातात अशा गच्चीला दीड. हे आयएस ८७५ या भारतीय मानकातले आकडे, चौरस मीटरला किलोन्यूटन (केएन), एक केएन म्हणजे साधारण शंभर किलोचं वजन. आमचे सर मात्र अजून किलोत बोलतात. "बेडरूमला दोनशे टाक" म्हणाले आणि मी, नवीन होते हो, खरंच २०० टाकले. रन केल्यावर स्लॅब दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीसारखा लोंबायला लागला आणि मी पाऊण तास डिस्प्लेचं स्केल कमी करत बसले, म्हटलं ग्राफिक्सचा प्रॉब्लेम असेल.

मग लोडची कॉम्बिनेशन्स. डेड (बिल्डिंगचं स्वतःचं वजन), लाइव्ह (माणसं, सामान), भूकंप दोन दिशांनी, वारा दोन दिशांनी, प्रत्येकाला प्लस मायनस, दीडपट, १.२ पट, ०.९ पट करत करत पंचवीस होतात. भूकंपाचा कोड आयएस १८९३, टिळकांच्या सार्वजनिक गणपतीचं साल, पण संबंध काही नाही, नुसता नंबर आहे (मी कॉलेजात दोन वर्षं संबंध शोधत होते). या कोडात मला आवडणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे भूकंपासाठी बिल्डिंगचं वजन काढताना घरातला लाइव्ह लोड पावच धरायचा, म्हणजे चारातला एकच माणूस घरात, बाकीचे तिघं बहुतेक जिन्यात. आणि दुसरी, भूकंप आणि जोरदार वारा एकाच वेळी येत नाहीत असं धरून चालायचं. आमचा क्लायंट आणि आर्किटेक्ट यांना हा नियम लागू नाही, दोघांचे फोन एकाच वेळी येतात.

तर परवाची गोष्ट. सात मजले अधिक पार्किंग, आठ स्लॅब, प्रत्येकी ३०० चौरस मीटर. रन झाला, एकही एरर नाही, एकही वॉर्निंग नाही, मी खूश. सरांनी मॉडेलकडे बघितलंसुद्धा नाही, चहाचं बिल उलटं केलं, त्यावर २४०० गुणिले १३ मांडलं (सगळ्या स्लॅबचे चौरस मीटर गुणिले प्रत्येकी अंदाजे १३ केएन, म्हणजे बिल्डिंगचं एकूण वजन) आणि म्हणाले, "साधारण ३१ हजार यायला पाहिजे. तुझं काय आलंय?"

"४६,८००."

"बाळा, आत हत्ती ठेवलेत का?"

चार तास शोधलं. फ्लोअर फिनिशसाठी (टाइल्स वगैरे) मी वेगळी लोड केस, म्हणजे लोडचा वेगळा कप्पा, केली होती, ती डेडवरून कॉपी केलेली, त्यात सेल्फ वेटचा मल्टिप्लायर १ तसाच राहिलेला. म्हणजे बिल्डिंग स्वतःचं वजन दोनदा उचलत होती आणि बिचारी काही बोललीही नाही. सॉफ्टवेअरही बोललं नाही, कारण त्याला तुम्ही हत्ती दिलेत तर ते हत्ती मोजतं, विचारत नाही की हा तिसऱ्या मजल्यावर चढला कसा.

एकाचं शून्य केलं. आकडा आला बरोब्बर ३०,०००. "जवळ आलीस, पण अजून बघ," सर बॅग उचलता उचलता म्हणाले, आणि मी रात्री घरी परत फाइल उघडली. एकेक मजला लोडसकट बघत गेले. नऊ इंची भिंत, बीम वजा जाता २.४ मीटर उंच, म्हणजे प्लास्टर धरून मीटरला साडेबारा केएन, सगळीकडे भिंतीचा लोड दाखवणाऱ्या निळ्या बाणांची रांगच्या रांग, आणि चौथा मजला सफाचट. एकही बाण नाही. सगळ्या मजल्यांवर पेस्ट करताना चौथ्याची टिक राहिली होती. चौथ्या मजल्यावरची माणसं उघड्यावर संसार करत होती, वारा खात, शेजाऱ्यांना दिसत.

भिंती बांधल्या (माऊसने), रन केला, ३१,२००. तेव्हा सरांबद्दल जो आदर वाटला त्यात थोडा रागही होता, लाखाचं सॉफ्टवेअर आणि त्याची परीक्षा घेणार चहाचं बिल.

पंचवीस कॉम्बिनेशन्स पास, कॉलम पास, मी लॅपटॉप मिटतच होते तर क्लायंटचा मेसेज. मॅडम, मिसेस म्हणतायत गच्चीवर छोटीशी बाग करू, दीडच फूट माती, फार काही नाही.

दीड फूट माती म्हणजे चौरस मीटरला आठ केएन. ज्या गच्चीला मी दीड धरलाय तिच्यावर. पाणी घालायच्या आधी. उत्तर काय लिहावं म्हणून मी टाइप करून पुसतेय, परत टाइप करतेय, तेवढ्यात खाली त्यांचा दुसरा मेसेज आला.

"तुम्ही लोड घेऊ नका हां मॅडम."