‘जुन्या घरात आरसीसीबी नको’ म्हणे!

चाळीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक मेसेज फिरतो: जुन्या घरात आरसीसीबी (करंट गळला की ‘पडून’ वीज तोडणारा स्विच) बसवू नका, अर्थिंगशिवाय तो चालत नाही, विनाकारण पडतो, एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) पुरे आहे, फारच वाटलं तर तीन-पिनच्या सॉकेटात अर्थ आणि न्यूट्रल जोडून घ्या. खाली दहा अंगठे.

‘एमसीबी पुरे’ हे झटक्यात निकालात काढू. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव १०० मिलिअँपिअरने जाऊ शकतो. एवढ्याचा एमसीबीला पत्ताही लागत नाही.

अर्थिंगचं म्हणाल, तर आरसीसीबी फक्त फेज-न्यूट्रलचा हिशेब ठेवतो. गेलेला करंट परत आला नाही आणि फरक ३० मिलिअँपिअरला पोचला, की तो पडतो. यात अर्थची तार कुठेच नाही. टेस्ट बटण दाबून बघा, अर्थिंग नसलेल्या घरातही पडेल. मेसेजमध्ये खरं आहे ते इतकंच: अर्थिंग असेल तर मशीनच्या पत्र्यात करंट उतरताच तो पडतो, नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत थांबतो. झटका बसतो, पण माणूस चिकटून राहत नाही. अर्थिंग करून घ्याच. तोवर आरसीसीबी का नको?

आता ‘विनाकारण’. गिरगावातल्या आमच्या खोलीत नवा बसवला तेव्हा पोटमाळ्यावरचा बल्ब लावला की काळोख. दोन दिवस मीही आरसीसीबीलाच शिव्या घातल्या. मग वायरमनने केसिंग-पट्टी उघडली. बल्बचा फेज आमच्या बोर्डातून, न्यूट्रल मात्र गॅलरीतल्या दिव्याच्या लाइनवरून! कधीकाळी कुणीतरी जवळचं म्हणून जोडलेलं. ६० वॅटचा बल्ब साधारण २६० मिलिअँपिअर घेतो. ते सगळे दुसऱ्याच वाटेने परत जात होते. न्यूट्रल आपल्या बोर्डातून ओढला, प्रश्न मिटला.

तुमच्याकडे पडत असेल तर सगळे प्लग उपटा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, ते फेजच तोडतं. मग एकेक लावत जा. बऱ्याचदा गिझर सापडतो. सगळं काढूनही पडला तर वायरिंगला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या, ओल्या भिंतीतला जुना जॉइंट असू शकतो.

राहिला तो सॉकेटात अर्थ-न्यूट्रल वायरच्या तुकड्याने जोडायचा जुगाड. जुन्या बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे निघणं नवं नाही. तिथे हा तुकडा प्लग लावताक्षणी मशीनच्या पत्र्यात २३० व्होल्ट आणतो. बरोबर असले तरी मागे कुठे न्यूट्रल सुटला की तेच. शिवाय पत्र्यात गळणारा करंट न्यूट्रलवाटेच परत येतो, त्यामुळे आरसीसीबीचा हिशेबही जुळतो आणि तो गप्प बसतो.

आमच्या मोरीजवळच्या सॉकेटात असाच बोटभर लाल तुकडा निघाला. वॉशिंग मशीन तिथेच लागतं. मेसेजच्या खाली त्याचा फोटो टाकलाय.